‘ध’चा ‘मा’ होतो तेवढ्या वेळात

मामींच्या फोनवर मेसेज आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मुले पळवणारी टोळी शहराच्या आसपास फिरते आहे, माणसे साधूंच्या वेशात आहेत, सगळ्या ग्रुपवर पाठवा, असा मजकूर आणि खाली एक धूसर व्हिडिओ. गवार मोडता मोडता मामींनी तो पाच ठिकाणी पुढे पाठवला आणि मग मामांसमोर धरला.

मामा पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत गेली. चष्मा लावून त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. समोर दोन दिवसांच्या सुटीवर आलेली भाची बसली होती. ती मुंबईत उच्च न्यायालयात वकिली करते.

“हा ज्यानं पहिल्यांदा टाकला ना, त्याला आजच्या आज उचलला पाहिजे,” मामा म्हणाले. “आणि असलं काही तासाभरात सगळीकडून पुसून टाकायचा अधिकार सरकारकडे पाहिजे. कोर्टकचेरी नको, काही नको.”

“काय पुसायचं ते कोण ठरवणार?”

“सरकार. अजून कोण?”

“माझी हरकत तिथूनच सुरू होते, मामा.”

मामांनी फोन खाली ठेवला. “राईनपाडा आठवतं?” त्यांनी विचारले.

राईनपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण तिथे आले होते. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. मुले पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. बाजारात कुणाला तरी संशय आला, माणसे जमली, पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच मरेपर्यंत मारले. कोणतीही टोळी नव्हती. त्या वर्षी देशाच्या अनेक राज्यांत अशा अफवांनी माणसे मारली. त्या काळात फार फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीत बनवलेल्या, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणाऱ्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवरची माणसे मुलाला परत आणून सोडतात. तेवढा शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

“बाजाराला आलेली माणसं होती ती,” मामा म्हणाले. “शेतकरी, मजूर. सकाळी घरून निघताना त्यांच्यातल्या कुणाच्या मनात खून नव्हता. तू मला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं एकोणिसावं कलम सांगशील. त्या पाच जणांचं एकविसावं कलम कुठे गेलं? जगण्याचा हक्क त्यांनाही होताच की.”

भाचीने लगेच उत्तर दिले नाही. मग ती म्हणाली, “या प्रश्नाकडे मी परत येते. त्याआधी मीही एक गाव सांगते. पालघर, २०१२.”

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासचा परिसर बंद राहिला. पालघरमधल्या एका तरुणीने या बंदबद्दलचे आपले मत फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केले. पोस्ट लिहिणारीच्या एका नातेवाइकाच्या रुग्णालयात जमाव घुसला आणि मोडतोड झाली. अटक झाली ती त्या दोघी मुलींना. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ त्यांना लावले गेले. जामीन लवकर मिळाला, पुढे प्रकरण मागे पडले, संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले गेले. पण मत मांडल्याबद्दल पोलीस ठाण्यात बसावे लागते हे तेवढ्यात साऱ्या राज्याने पाहिले.

“तिच्या लिहिण्यात खोटं काय होतं?” भाचीने विचारले. “ती काही बातमी नव्हती. मत होतं. आणि कायदा म्हणत होता, ज्यानं कुणाला त्रास होईल, गैरसोय होईल असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला आणि किती, हे कायद्यात कुठेच नव्हतं. ते ठाण्यातल्या माणसानं ठरवायचं.”

“ठाण्यातल्या माणसाचंही ऐक जरा. बाहेर दोनशे जण घोषणा देत उभे असतात, आत तुम्ही आठ. अशा वेळी ज्याच्यावर राग आहे त्याला आत घेणं हाच त्याला वाचवायचा मार्ग वाटतो. मी स्वतः तसं केलंय.”

“म्हणजे कुणाला अटक करायची हे जमावानं ठरवलं, मामा.”

मामा गप्प राहिले. आतल्या खोलीतून मामींनी चहाचे विचारले, त्यालाही त्यांनी नुसती मान हलवली.

कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने त्या निकालात बोलण्याचे तीन टप्पे वेगळे केले: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या गोष्टीची चर्चा करणे किंवा तिचा पुरस्कार करणे, मग ती गोष्ट लोकांना कितीही नावडती असो, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गाभा आहे. बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले की कायद्याला हात घालता येतो. १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात याच न्यायालयाने दारूच्या कोठाराजवळच्या ठिणगीची उपमा वापरली होती. ठिणगी आणि कोठार एकमेकांना लागून असतील तरच बंदीला आधार आहे, दूरवरचा तर्काचा धोका पुरेसा नाही.

“मला या सगळ्यातून एकच माप हाती लागतं,” भाची म्हणाली. “शब्द आणि कृती यांच्यातलं अंतर. पालघरच्या पोस्टमधून कुणावर हात उगारला जाणार होता? ते अंतर मोजताच येत नाही इतकं मोठं होतं. राईनपाड्यात मेसेज, संशय आणि दगड एकाच बाजारात, एकाच दुपारी होते. तिथे सरकारनं हात घालायलाच हवा. त्यासाठी कायदाही आहे. भारतीय न्याय संहितेचं ३५३ कलम आहे, त्याआधी दंडसंहितेचं ५०५ होतं.”

“मग आपण एकाच बाजूचे झालो की.”

“नाही झालो. तुम्ही म्हणता खोटं पुसा. मी म्हणते अंतर मोजा. अंतर मोजायला पुरावा लागतो, वेळ-काळ दाखवावा लागतो, न्यायाधीशासमोर उभं राहावं लागतं. खोटं काय ते जाहीर करायला फक्त खुर्ची लागते.”

मामा हसले नाहीत, पण खुर्चीत पुढे सरकले. “पंडितजींनाही १९५१ साली राज्यघटना दुरुस्त करावी लागली होती, हे तुम्ही वकील लोक सांगत नाही.”

ते खरे आहे. मुंबईहून निघणाऱ्या रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी केली होती. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये उठवली आणि पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण निर्बंधांच्या यादीत आले. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. सरकारची भीती निराधार नव्हती. त्याच दुरुस्तीने ‘निर्बंध’ या शब्दाच्या आधी ‘वाजवी’ हा शब्दही घातला. गेली सत्तरहून अधिक वर्षे भाचीसारखे वकील त्या एका विशेषणाच्या जोरावर न्यायालयात उभे राहतात.

मामांनी मग शनिवारवाडा काढला. “खोट्या कागदानं माणूस कसा मरतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि नारायणराव गेला. ‘ध’चा ‘मा’ करायला किती वेळ लागतो?”

“पण तो ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला याचा निर्णायक पुरावा आहे?” भाचीने विचारले. “खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं राघोबादादांना. तरी अडीचशे वर्षं म्हणीत नाव अडकलंय ते आनंदीबाईंचं. आता अशी कल्पना करा की त्या वर्षी पुण्यात खरं-खोटं ठरवणारा एक सरकारी कक्ष होता. खुनानंतर पेशवाईची वस्त्रं कुणाला मिळाली? राघोबादादांनाच. कक्ष त्यांच्या हाताखाली. रामशास्त्र्यांचं म्हणणं त्या कक्षानं खरं ठरवलं असतं की दिशाभूल करणारं?”

ही कल्पना फार ताणलेली नाही. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे केंद्र सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षाने ठरवायचे. तसे ठरल्यावर तो मजकूर न हटवणाऱ्या समाजमाध्यम कंपनीने कायद्याचे संरक्षण गमावायचे. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली. गौतम पटेल यांनी नियम घटनाबाह्य ठरवला, नीला गोखले यांनी तो वैध मानला. २० मार्चला सरकारने पत्र सूचना कार्यालयाच्या कक्षाला हे काम सोपवले आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. अखेर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेल यांच्या बाजूने मत दिले आणि नियम पडला.

“पण रेशन बंद झालं अशी आवई उठली, तर खुलासा सरकारनंच करायचा ना?” मामांनी विचारले. “दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?”

“करावाच. दिवसातून दहादा करावा. आपलं म्हणणं मांडणं वेगळं आणि दुसऱ्याचं म्हणणं पुसायला लावणं वेगळं. एप्रिल २०२० आठवा. वांद्रे स्टेशनबाहेर परप्रांतीय मजुरांची गर्दी जमली. गावाकडच्या गाड्या सुटणार अशी बातमी दिल्याबद्दल एका मराठी वृत्तवाहिनीच्या पत्रकाराला अटक झाली. बातमीला रेल्वेच्या एका अंतर्गत पत्राचा आधार होता. त्याला लगेच जामीन मिळाला. पण त्यानंतर किती पत्रकारांनी हातातलं कागदपत्र छापण्याआधी दोनदा विचार केला असेल?”

“साथीच्या दिवसांत हजारो माणसं एका जागी जमली होती, बाळा. तुझ्याच मापानं ते अंतर कमी होतं.”

“माणसं जमली कारण त्यांची मजुरी बंद होती, खोलीभाडं थकलं होतं आणि टाळेबंदी त्याच सकाळी वाढली होती. बातमी नसती तर ती घरात पोटभर जेवत बसली असती का?”

इथवर भाचीची बाजू वरचढ होत चालली होती. मामांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि ते अगदी शांतपणे बोलले.

“तुझं सगळं बळ निकालपत्रांत आहे. अटक २०१२ ची, निकाल २०१५ चा. तोही कुणी वाचला? रद्द झालेलं ६६अ पोलीस पुढेही लावतच राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ते खटले बंद करा. ही माझ्याच खात्याची चूक, मी मान्य करतो. पण अफवा तारखा घेत नाही. खोट्याला उत्तर म्हणजे आणखी मोकळं बोलणं, असं तुम्ही लोक म्हणता. राईनपाड्याच्या बाजारात ते बोलायला कोण येणार होतं? किती वाजता? त्या पाच जणांच्या हातात अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासासाठी तुझ्याकडे काय आहे?”

भाचीने बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. “माझ्याकडे काही नाही,” ती म्हणाली. “निदान कायद्याच्या पुस्तकात नाही. १ जुलै २०२४ ला, बरोबर सहा वर्षांनी, नवी न्याय संहिता लागू झाली. तिच्यात जमावानं केलेल्या खुनाचं वेगळं कलम आलं. पाच किंवा जास्त जणांनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून मारलं तर फाशी किंवा जन्मठेप. मुलं पळवल्याच्या संशयावरून मारलं तर त्या यादीत ते बसवायला वाद घालावा लागेल. आणि बसवलं तरी ते खुनानंतरचं.”

“म्हणून मी म्हणतो, मुळाशी जा. पहिला मेसेज कुणाचा ते काढा.”

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तशी तरतूद आहे. न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आला, तर मोठ्या संदेशसेवांनी मजकूर मुळात कुणी पाठवला ते सांगायचे. व्हॉट्सॲपने याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एकाचा माग काढायचा तर सगळ्यांच्याच संदेशांचे कुलूप सैल करावे लागेल, असे कंपनीचे म्हणणे. भाची हे सांगत होती तेवढ्यात मामी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“पहिला कोण ते शोधताय, पण मधली मी आहे,” त्या म्हणाल्या. “पाच जणांना पाठवलाय मी. मलाही उचलणार का?”

दोघांनी त्यांच्याकडे पाहिले.

“खरा वाटला म्हणून नाही पाठवला,” मामी सांगू लागल्या. “मनात आलं, खोटा असला तर काय बिघडतं? आणि खरा असला, मी पाठवला नाही आणि माझ्या बहिणीच्या नातवाला काही झालं, तर? काळजीनं पाठवला.”

अफवेच्या प्रवासाबद्दल त्या संध्याकाळी इतके नेमके कुणीच बोलले नव्हते. दुष्ट माणसाला शोधून शिक्षा करणारा कायदा इथे लंगडा पडतो, कारण साखळीतली बहुतेक माणसे मामींसारखी असतात. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्यानंतर काहीच दिवसांत, पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल अशी सोय केली. कुणाचे बोलणे न वाचता, न पुसता, केवळ वेग कमी करणारा हा उपाय. भाचीला त्यात सेन्सॉर दिसत नाही. मामांच्या मते तो पुरेसा नाही, कारण पाचाचे पंचवीस व्हायला मिनिटही लागत नाही.

“वेग कमी झाला तरी प्रश्न उरतो की लोक खुलाशावर विश्वास का ठेवतील,” भाची म्हणाली. “ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग होता. आर्थर रोडच्या रुग्णालयात माणसं मारतात अशी अफवा उठली आणि गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं तिथे हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते. तेव्हा फोन नव्हता, तरी अफवा पोहोचलीच. गोऱ्या सरकारच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवायचा? आणीबाणीतही तेच. सक्तीच्या नसबंदीबद्दल छापायला बंदी होती, म्हणून कुजबुज हीच बातमी झाली.”

आणीबाणीचा उल्लेख निघाल्यावर तिने एक खटला सांगितला. मिनू मसानी यांच्या मुंबईतल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचे अनेक मजकूर सेन्सॉरने अडवले होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, मुंबई उच्च न्यायालयाने मसानींच्या बाजूने निकाल दिला. सरकारवरची शांततापूर्ण टीका थांबवणे हे सेन्सॉरचे काम नाही, असे न्यायालयाने त्या दिवसांत सुनावले.

मामा त्यावर वेगळेच बोलले. “एका बाजारात मी असताना अशीच कुजबुज उठली होती. मोबाइल नव्हते तेव्हा. पोलीस पाटलाला सोबत घेतलं, रिक्षाला भोंगा बांधला आणि मी स्वतः बोललो. लोकांनी ऐकलं. का ऐकलं सांगू? महिनाभर आधी त्याच गावात घरफोडी झाली होती आणि आम्ही ती दडपली नव्हती. चोर सापडला नाही हेही गावात उभं राहून सांगितलं होतं.” ते थांबले. “ते सांगितलं नसतं तर भोंग्याचा काही उपयोग नव्हता.”

“हेच मी सांगतेय, मामा. जे पोलीस नको ती बातमी पुसतात, त्यांच्या भोंग्यावर विश्वास कोण ठेवेल?”

“आणि ज्या गावात भोंगाच नाही, तिथे तुझं स्वातंत्र्य घेऊन त्या भिक्षेकऱ्यानं काय करायचं?”

दोघांनाही दुसऱ्याचे म्हणणे बरोबर लागले होते. राईनपाड्याच्याच दिवशी, रात्री, मालेगावात एका लहान मुलासह पाच जणांना जमावाने त्याच संशयावरून घेरले. काही स्थानिक रहिवाशांनी त्यांना एका घरात घेतले आणि पोलीस येईपर्यंत जमावाला अडवून धरले. पाचही जण वाचले. अफवा तीच, दिवस तोच. जमावातली माणसे ज्यांना ओळखत होती असे काही जण दारात उभे राहिले, एवढाच फरक.

साडेआठ वाजता मामांनी ठाण्यात फोन केला. तिथून कळले की अशी कोणतीही तक्रार नाही. मग त्यांनी ग्रुपसाठी मजकूर लिहायला घेतला: मेसेज खोटा आहे, ठाण्यात विचारून खात्री केली आहे, शंका आली तर या नंबरवर फोन करा, कुणाला अडवू नका. शेवटी त्यांनी लिहिले, ‘पुढे पाठवणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.’ भाची म्हणाली ही ओळ काढा, तिने माणसे घाबरतील आणि आपण पाठवल्याचे लपवतील. मामा म्हणाले राहू दे, घाबरायलाच हवे. दोन-तीनदा ती ओळ खोडली गेली, पुन्हा आली.

ते दोघे त्या एका ओळीवर अडलेले असताना मामी फोन घेऊन आत गेल्या. पाच ठिकाणी पाठवला होता, पाचही ठिकाणी त्या बोलणार होत्या. पहिला फोन त्यांनी गावाकडच्या बहिणीला लावला. मेसेज खोटा आहे हे ऐकून बहीण म्हणाली, बरे झाले सांगितलेस, पण मी तो मघाशीच गावच्या ग्रुपवर टाकला.

“मग आता तिथेही सांग,” मामी म्हणाल्या. “लगेच सांग. मी फोन चालू ठेवते.”